तांदळात लिहिलेलं नाव

लग्न होऊन शहाद्याला आले त्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या वेळी नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. जमलेल्या बायांनी ते मोठ्याने वाचलं, पेढे वाटले, आणि रनाळ्याला बाबांनी ठेवलेलं माझं नाव तिथेच संपलं. ते तांदूळ पुढे डब्यात ओतले गेले. त्यांची खिचडी झाली असेल, मीही ती खाल्ली असेल. नवं नाव सासूबाईंनी सुचवलेलं होतं. पत्रिकेतलं अक्षर का काय ते कारण त्यांनी सांगितलं होतं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारत नसतात हे मलाही ठाऊक होतं. आमच्याकडे सगळ्याच सुनांची नावं बदलत.

पहिले काही महिने तर नवऱ्याने ओट्यावरून हाक मारली की ती मलाच आहे हे माझ्या लक्षातच यायचं नाही. माझ्याआधी सासूबाई मान वर करायच्या. चुलीपाशी असोत, नाहीतर कापसाच्या बोंडांपाशी, हाक आली की त्यांची मान वर. मला राग यायचा. मुलाने बायकोला हाक मारलेलीसुद्धा हिला खपत नाही, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग त्याच नावाने पासपोर्ट निघाला आणि आम्ही ऑस्ट्रेलियात गेलो. तिथे वर्षं गेली, मुलगी शाळेत जायला लागली, आणि एक दिवस नवऱ्याने जाहीर केलं की आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा, दोघांनी बरोबरच. त्याचे कागद एका संध्याकाळी जमले. जन्मापासून आजपर्यंत त्याचं नाव एकच. माझं तसं नव्हतं. तिथल्या नियमाप्रमाणे जन्माचं नाव दाखवायचं, आणि ते कधी, कसं बदललं त्याचा पुरावाही द्यायचा. माझ्या जन्माच्या नोंदीत नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं. जुनं नाव काय ते शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या दाखल्यावर थेट नवंच. तांदळातल्या नावाचा पुरावा कुठून आणायचा? प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात छापून आणावं लागणार होतं. तेवढ्यासाठी मी एकटी गावी आले.

विमानात मात्र माझं डोकं वेगळंच चालायला लागलं. नागरिकत्व मिळालं की भारताचा पासपोर्ट परत करायचा. म्हणजे देश सोडायचाच. मग निदान नाव तरी स्वतःचं घेऊन जावं! खर्च तोच, खेटे तेच. नवं नाव पक्कं करण्याऐवजी जुनंच परत घ्यायचं. पासपोर्ट बदलावा लागेल, अर्ज लांबेल. लांबू दे.

आधी रनाळ्याला गेले आणि बाबांना सांगितलं. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. मी दोनदा ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. ते आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून आले आणि म्हणाले, “चाल, शाळामा जाऊत.” दाखला मिळाल्यावर त्यांनी माझं नाव बोट ठेवून वाचलं. परत येताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, “मन्ही पोर तिन्हं नाव परत ली ऱ्हायनी.” मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना आवरलंही नाही.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो चिडला. “आते कसाले हाई नवं? दोन्हीस्ना अर्ज संगेच जाऊ दे ना. आईले काय वाटी?”

“मला काय वाटतं ते कधी विचारलंस?” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शहाद्याला पोचले ती भांडायच्या तयारीनेच. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, सासूबाई घरात एकट्याच असतात. त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती, बरोबर वांग्याचं भरीत. मी जेवण होईपर्यंत दम धरला आणि मग सांगून टाकलं, की आई, तुम्ही ठेवलेलं नाव मी काढून टाकणार आहे.

त्यांनी ताटं उचलली नाहीत. खरकट्या हाताने तशाच बसून राहिल्या.

“तुले आवडत नही का ते?”

“आवडण्याचा प्रश्न नाही. ते माझं नाही.”

“हाव,” त्या म्हणाल्या. “ते मन्हं शे.”

मला आधी वाटलं, मी ठेवलं म्हणून माझं, असा त्यांचा तोरा आहे. मी उसळून काही बोलणार, तेवढ्यात त्या पुढे बोलायला लागल्या, हातावर सुकलेलं पीठ चोळत. “मन्ही मायनी ठेयेल व्हतं. आथं उनू, ताटमा दुसरं लिखं. माय गई, बाप गया, मंग कोनीच घिदं नही. भाऊ त बाईच म्हनेत.” मग म्हणाल्या, “तू उनी तवय मी म्हनं, घरमा कोनी तरी ते नाव ली. तुले इचारं नही, ते चुकनं मन्हं. जाय, बदली टाक.”

मग ताटं उचलून त्या मोरीवर गेल्या.

इतक्या वर्षांत त्यांचं माहेरचं नाव काय, हे त्यांच्या मुलाला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मला तरी कुठे वाटलं होतं? आणि खरं सांगायचं तर दया यायच्या आधी मला रागच आला. तुमचं नाव हरवलं म्हणून तुम्ही माझं पुसलंत! पण तो राग धड काढताही येईना. भांडायला आले होते, आणि समोरची बाई चूक कबूल करून भांडी घासत होती.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाल्यासमोर बसले. त्याने कागद सरकवून विचारलं, “जुनं नाव कोणतं लावू, नवं कोणतं?” मी शाळेचा दाखला उघडला, पुन्हा मिटला. मागे माणसं खोळंबली होती. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मी जुनं म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव सांगितलं आणि नवं म्हणून सासूबाईंचं. त्याने पटपट टाइप केलं. मी सही केली. मोठं मन केल्याचं समाधान वगैरे मला काहीही वाटलं नाही. बसस्टँडवर येऊन मी तोंडाला पदर लावून रडले.

बाबांना सांगायला रनाळ्याला जावंच लागलं. पुन्हा दोनदा ओरडून. या वेळी मला वाटतं त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. “ठीक शे, बेटा,” ते म्हणाले. “घरमा त शेच ना.” सदरा त्यांनी खुंटीलाच ठेवला होता, धुवायला टाकला नव्हता. तो बघवेना म्हणून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर गावात कोणालाही थांबवून ते काही सांगताना दिसले नाहीत.

अर्ज दोघांचा बरोबरच गेला. नवऱ्याला मी समेट केला असं वाटलं, आणि खरं काय ते मी त्याला सांगितलं नाही. ते सासूबाईंनी सांगायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

शपथेचा कार्यक्रम तिथल्या एका सभागृहात झाला. आजूबाजूला जोडपीच जास्त, नटूनथटून आलेली, हातात छोटे झेंडे. शहाद्याला तेव्हा दुपार होती. नवऱ्याने आईला व्हिडिओ कॉल लावून फोन मुलीच्या हातात दिला होता. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन स्क्रीनच्या अगदी जवळ बसल्या होत्या. सगळ्यांनी मिळून शपथ घेतली आणि मग एकेकाचं नाव पुकारायला सुरुवात झाली. नवऱ्याचं नाव आलं, तो जाऊन प्रमाणपत्र घेऊन आला, टाळ्या झाल्या.

मग माईकवरून पुढचं नाव आलं. त्या गोऱ्या बाईने सावकाश, जपून उच्चारलं, आणि ते सभागृहभर घुमलं.

मी उठायच्या आधीच फोनमधून स्पष्ट आवाज आला, “ओ!”

नवरा हसला. “आई कोनले ओ दी ऱ्हायनी?” तो म्हणाला आणि मुलीला आवाज कमी करायला सांगू लागला. मी त्याचा हात धरून त्याला थांबवलं. मग उठले आणि सासूबाईंच्या नावाचा कागद घ्यायला पुढे गेले.