आपल्या बोलीत सांगा

बडेबाबूंइतका भित्रा माणूस मी बुऱ्हाणपुरात दुसरा पाहिला नाही. प्रिन्सिपलसाहेबांची घंटी वाजली, की आमच्या शाळेचे हे हेडक्लार्क आधी घोटभर पाणी पिणार, शर्टाचं वरचं बटण लावणार आणि मगच उठणार. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्याजणी त्यांना भारी हसायचो.

त्यातही ते जास्त भ्यायचे इंग्रजी पत्रातल्या ठरीव वाक्यांना. कुणी रुबाबासाठी एखादं घातलं, की बाबू चष्म्यावरून बघणार, "याचा मतलब आपल्या बोलीत सांगा, मग लिहा." सांगता आलं नाही तर कागद परत. मला त्यांनी साध्या रजेचा अर्ज तीनदा लिहायला लावला होता.

मग सातवीतली एक पोर जिन्यावरून पडली. कठडा निखळला आणि तिचा हात मोडला. कठडा हलतोय, हे मी आठच दिवस आधी साहेबांना तोंडी सांगितलं होतं. आता चौकशी लागली, तेव्हा त्यांनी माझ्या नावाचं बयान तयारच करून दिलं : 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज' कठडा मजबूत होता, मुलगीच त्यावर लोंबकळत होती. तिचं नाव शाळेतून काढायचं ठरलं होतं. माझी नोकरी कच्ची, शाहपूरच्या घरी माझ्याच पगाराकडे डोळे. मी मनाची समजूत घातली, की 'माझ्या माहितीप्रमाणे' म्हटलं म्हणजे आपण सुटलो.

बयान जमा करायला बाबूंच्या टेबलाशी गेले. त्यांनी वाचलं. मग ते घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बेटा, ही पळवाट नाही," ते हळूच म्हणाले. "मला ठाऊक आहे ते सगळं सांगितलं, काही दडवलं नाही, असा याचा मतलब. आता सांग, तुला काय ठाऊक आहे?"

मी तिथंच बसून रडत रडत नवं बयान लिहिलं. इंग्रजी वाक्य तेच ठेवलं. पुढे हलता कठडा आला आणि मी साहेबांना काय सांगितलं तेही आलं. बाबूंनी लगोलग आवक रजिस्टरात नंबर टाकला, शिक्का मारला, एक प्रत मला दिली. आता तो कागद कुणाला गायब करता येणार नव्हता.

चौकशीत तो कामी आला. पोर शाळेत राहिली, मीही कशीबशी टिकले. बाबूंना मात्र आठवडाभरात घरी बसवलं. लोधीपुऱ्यात त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा न राहवून विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली?

"लई वाटली," बाबू म्हणाले. "म्हणून तर लगेच शिक्का मारला. दोन मिनिटं थांबलो असतो, तर मारलाच नसता."