साइडिंगवरची वाट

"काऊन बे, ते रेल्वे कंपनीच्या निकालाचं पुस्तक कोनं नेलं?" गोळेकाकांनी वकिलांच्या बार रूममध्ये विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही. पुस्तक माझ्या बॅगेत होतं.

"वाळवीनं खाल्लं असन," कोणीतरी म्हणालं. "हायकोर्टाचे निकाल लय गोड लागतात तिले."

सगळे हसले. मीही हसलो.

पंचवीसेक वर्षं झाली. खामगावची ती बार रूम, सागवानी कपाटं, जुन्या कागदांचा वास, कळकट कपातला चहा. कपाटाला कुलूप नव्हतं. पुस्तक नेलं की रिकाम्या जागी आपल्या नावाची चिठ्ठी खोचायची, एवढाच रिवाज. मी चिठ्ठी खोचली नव्हती.

गोळेकाका माझे सीनियर. दोन वर्षं त्यांच्याच टेबलाशी काम शिकलो. या केसमध्ये मात्र ते समोर होते, नामदेवभाऊंकडून. पिंपळगाव राजा रोडला भाऊंचा वांग्या-मिरच्यांचा मळा. मी जिनिंगच्या शेठजींकडून. कापसाच्या गाठी न्यायला रेल्वेचा एक फाटा पूर्वी थेट जिनिंगमध्ये यायचा. त्याला साइडिंग म्हणतात. पुढे रूळ उखडले, पट्टा शेठजींकडे आला. मळ्यात जायची बैलगाडीची एकुलती वाट त्या पट्ट्यातूनच होती, आणि शेठजींना तिथे भिंत घालायची होती. भाऊंनी कोर्टाकडे मनाई मागितली.

हायकोर्टाच्या ज्या निकालाचा आधार पुढच्या केसमध्ये घेतात, त्याला आम्ही रुलिंग म्हणतो. पुस्तकातलं रुलिंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, एका रेल्वे कंपनीविरुद्धचं होतं. रूळ आडवे टाकले म्हणून शेतकऱ्याची जुनी वाट मरत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"सायटेशन? कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"साहेब, निकाल मी स्वतः वाचलाय. पुस्तक मिळून नाही राह्यलं."

"आठवणीवर ऑर्डर कशी देऊ, गोळेसाहेब?" मग ते माझ्याकडे वळले. "असं काही रुलिंग तुमच्या पाहण्यात आहे?"

"नाही, सर."

मनाई मिळाली नाही. बाहेर पायरीवर नामदेवभाऊ काकांना म्हणाले, "जाऊ द्या वकीलसाहेब. तुमी थोडीच कमी पडले?"

भिंत झाली. गाडी जाईना, तोडलेला माल डोक्यावरून किती आणणार? वर्षभरात भाऊंनी मळा शेठजींनाच विकला. खरेदीखत मी लिहिलं.

"वाट लिहा बरं त्याच्यात," शेठजी म्हणाले. "उद्या प्लॉट पाडाचे तं रस्ता पाह्यजे."

"साइडिंगमधून पूर्वापार वहिवाटीची वाट आहे," असं मी माझ्या हातानं लिहिलं.

काका गेले, त्यांना हे कधी सांगितलं नाही. भाऊंनाही नाही. कोर्टात खोटं बोललं की वकिली बुडते, असं नव्या मुलांना सांगतात. तसं काही होत नाही. माझी चांगली चालली.