तेलावरचं पाणी

दत्तू पेंटर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलगावच्या शाळेत मुलांना ढग काढायला शिकवत होतो. फोन ठेवला, फळ्याकडे तोंड केलं आणि उगाच आणखी तीन ढग काढले... त्याला महिना उलटून गेला. आता त्याच्याविषयी लिहायला बसलो की रडू येण्याआधी हसू येतं, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही दोघं दिंद्रुडच्या शाळेत एका बाकावर. मी पुढे चित्रकलेची पदविका घेतली, त्यानं थेट ब्रश घेतला. पाट्या, ट्रॅक्टर, देवळांची दारं, पुढाऱ्यांचे चेहरे. त्याच्या हाताचा रंग नाही असं गाव पंचक्रोशीत सापडायचं नाही. फजिती एकदाच झाली, नेकनूरला. तिथं एका भिंतीवर जुना पुढारी ऑइल पेंटमध्ये होता. दत्तूनं घाईत त्याच्यावर डिस्टेंपरचा, म्हणजे पाण्यातल्या रंगाचा, हात मारून नवा पुढारी काढला. उन्हाळ्यात नव्याच्या गालाचं सालपट निघालं आणि आतून जुन्याची मिशी डोकावू लागली. एसटीतून उतरणारा प्रत्येक जण हसून घ्यायचा. पुढे ते दोघं पुढारी खरंच एका पक्षात गेले. "भिंतीला आदीच ठावं होतं बे," दत्तू म्हणायचा. पण तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. खाली पाण्याचा रंग, वर तेलाचा. तेलावर पाणी कधीच नाही. हेच शिकायला मला कॉलेजात अख्खं वर्ष लागलं होतं.

म्हणून तर गेल्या दिवाळीत मी चक्रावलो. दुखणं तेव्हा बरंच बळावलं होतं. घरातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर त्यानं लग्नाच्या वर्षी सुमनवहिनींचं चित्र काढलेलं, चांगलं ऑइल पेंटमध्ये. काळेभोर केस, हनुवटी जरा वर, आत्ता भांडतील अशा. त्याच चित्रावर तो माझ्याकडून मागून घेतलेल्या, पाण्यात कालवायच्या ॲक्रिलिकनं पांढरे केस, सुरकुत्या आणि चष्मा चढवत होता. शेजारी बसून वहिनी सांगत होत्या, "हितं एक सुरकुती ऱ्हायली बघा."

"दत्तू, तेलावर पाणी? कावून?" मी विचारलं.

"गप बे मास्तर. च्या पी."

मला वाटलं, गोळ्यांनी त्याचं डोकं चालेनासं झालंय. फार लागलं मनाला. जन्मभर ज्याचा रंग ऊन-पावसात टिकला, त्याचं शेवटचं काम सालपटं होऊन पडणार, आणि लोक नेमकं तेच लक्षात ठेवणार.

परवा पॉलिश पेपर आणि वॉर्निशचा डबा घेऊन त्याच्या घरी गेलो. जे व्हायचं ते झालंच होतं. भांगाजवळचा पांढरा रंग सुटून खालचे काळे केस दिसत होते. "वहिनी, सुटलेलं घासून सगळं पक्कं करून देतो," मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातातला पॉलिश पेपर काढूनच घेतला.

"हात लावू नका, भावजी. मुद्दाम केलंय त्यांनी. म्हनले, मी गेल्यावर तू रोज थोडी म्हातारी होशील, म्हनून दारावर रोज थोडी तरनी होत जा."

मी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. असला लबाड माणूस मला मित्र म्हणून मिळाला, याचा त्या क्षणी लई म्हणजे लई आनंद झाला. वहिनीही हसत चहा ठेवायला उठल्या. जाता जाता कपाटापाशी थांबल्या आणि चष्म्याची एक काच नखानं अलगद सोलून काढली.

"दुसरी उद्या," म्हणाल्या.