तिसऱ्या सिलिंडरचा जोर

जळक्या ऑइलचा वास आला की मला नशिराबादच्या मिस्तरीचं पत्र्याचं गॅरेज आठवतं. आमच्या जुन्या गाडीचा दम तेव्हा इतका गेला होता, की यावलच्या रस्त्यावर केळीचे घड लादलेला सायकलवाला आम्हाला मागे टाकायचा आणि वर विचारायचा, "ढकलू का?" वडील वैतागले होते. "पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर इंजिन खोलायचा खर्च नको, गाडी सरळ भंगारात," असं बजावून ते किल्ली फिरवायला आत बसले. याच गाडीवर त्यांनी, सोबत आलेल्या माझ्या आईला केळीच्या बागांमधून स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. मिस्तरीने उघड्या बॉनेटआड प्लग काढून एकेका भोकावर अंगठा दाबला. तीन सिलिंडरांनी तो पार सातपुड्यापलीकडे फेकला, तिसऱ्या सिलिंडरने मात्र नुसती फुंकर घातली. मग त्याने त्यात थोडं ऑइल सोडलं: जोर वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर नुसता वॉल्व्ह. "सरका, मी बघते," म्हणत आईने स्वतःचा अंगठा लावला. किल्ली फिरली, आणि फट्‌कन असा आवाज होऊन अंगठा उडाला, की भुसावळची कबुतरं उठली असतील. "अहो, जोर काही वाढला नाही!" आई ओरडली. मिस्तरी तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "अक्का म्हनस, मंग वॉल्व्हच शे, भाऊ!" आतून वडील एवढंच म्हणाले, "बरं." मिस्तरीने वॉल्व्हच्या नावाखाली रिंगाही बदलल्या. परवा त्याच गाडीत ऑइल भरताना म्हातारे वडील माझ्या कानाशी आले. "तो फट्‌ आवाज मला आत ऐकू आला होता," ते म्हणाले. "आईला सांगू नकोस."