चादरवाले मिस्त्री आणि नर्सबाईंची गाडी

मिस्त्रींना सगळे 'चादरवाले मिस्त्री' म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. गाडी खोलायची म्हटलं की ते आधी फरशीवर एक जुनी चादर अंथरत आणि निघालेला प्रत्येक भाग गाडीत जिथं असतो तिथंच चादरीवर ठेवत. डावीकडचं डावीकडे, पुढचं पुढे. बाकीचे मेकॅनिक भागांवर छिन्नीने ठिपके मारतात, खडूने आकडे लिहितात. मिस्त्री त्यांना हसायचे. "खुणा कोण करतं? ज्याला आपण विसरणार याची खात्री असते तो!" माणूस कामाला सोन्यासारखा, पण चूक कबूल करायची वेळ आली की पडलो तरी नाक वर. चाळीस वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. तक्रार घेऊन आलेल्या ड्रायव्हरला त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "नाचता येईना, अंगण वाकडं."

नर्सबाई म्हणजे मिस्त्रींची बायको. पस्तीस वर्षं त्यांनी चारही चाकांनी ओढणाऱ्या एका खडबडीत छोट्या ट्रकमधून डोंगरावरच्या वस्त्यांना लशी पोचवल्या. दोघांची ओळखही त्या ट्रकनेच करून दिली. डोंगरात पुढचा पाटा, म्हणजे गाडीचं वजन झेलणारी पट्ट्यांची स्प्रिंग, तुटला तेव्हा या बाईने तिथे लाकडाचा ओंडका दोराने आवळून बांधला आणि तशीच वीस किलोमीटर गाडी चालवत मिस्त्रींच्या दारात आणली. मिस्त्रींनी आधी गाठ पाहिली, मग बाई पाहिली. सहा महिन्यांत लग्न झालं. दवाखान्याने गाडी भंगारात काढली तेव्हा दोघांनी ती विकत घेतली आणि निवृत्तीनंतरही दर गुरुवारी नर्सबाई वर जात राहिल्या. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं ब्लडप्रेशर, आणि कुणाचं काहीच नाही, नुसत्या गप्पा.

गेल्या वर्षी मिस्त्रींनी पुढचे दोन्ही पाटे नवे घातले. त्यानंतर तिसऱ्याच गुरुवारी नर्सबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने घरी आल्या.

"अहो, उतारावर स्टिअरिंग हातात थयथय नाचायला लागलं. एका खड्ड्यात चाक गेलं आणि मग थांबेचना. गाडी कशी उभी केली माझं मला माहीत."

मिस्त्रींनी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली. गल्ली ती केवढी! तिसरा गिअर टाकेपर्यंत संपते. आपल्या राकट पंजांनी स्टिअरिंग आवळून ते परत आले आणि निकाल दिला, "गाडीत काही नाही. अगं, वय झालं आता. तुझे हात थरथरतात."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बोलायचं ते बोलून गेले. नर्सबाई पुढच्या गुरुवारी पुन्हा गेल्या आणि पुन्हा त्याच उतारावर तेच झालं. त्या दिवसापासून त्यांनी गाडी सोडली. वरून निरोप यायचे, बाई कधी येणार? बाई म्हणायच्या, आता नाही जमत. ज्या बाईने ओंडका बांधून गाडी आणली होती ती आता खिडकीत बसून रस्त्याकडे बघायची, आणि ते बघणं मिस्त्रींच्याने बघवेना.

शेवटी आठव्या महिन्यात त्यांनी ठरवलं, गाडीचा पुढचा भाग मुळापासून नवा करायचा. "स्टिअरिंग असं लोण्यासारखं करून देतो," ते बायकोला म्हणाले, "की हात थरथरले तरी कळायचं नाही."

"तुम्ही करा हो," नर्सबाई म्हणाल्या. "चालवायचं मात्र तुम्हीच."

गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. चाकं निघाली. बेअरिंग रॉकेलमध्ये भिजत पडली. किंगपिन, म्हणजे ज्या खुंट्यांवर चाकं डावी-उजवी वळतात त्या, झिजल्या होत्या. त्या पाहून मिस्त्रींना आनंदच झाला, कारण दोष सापडला असं वाटलं. पाट्यांच्या टोकांना असतात त्या शॅकलचे बुश पार चपटे झाले होते. ते नवे करून घ्यायला लेथवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, "मिस्त्री, वहिनींच्या हातांचे पण बुश करून देऊ का?" मिस्त्री हसले. परत येताना मात्र त्यांना ते हसू बोचत राहिलं. घरातली गोष्ट आपणच चव्हाट्यावर नेली होती.

मग पाटे एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले. या गाडीत पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी पाचर असते. तिची जाड कड मागे ठेवायची. त्याने एक्सल किंचित मागे कलतो आणि चाकं आपोआप सरळ राहायला बघतात. कड पुढे गेली तर वेगात एखादा धक्का बसायचा अवकाश, चाकं नाचू लागतात.

मिस्त्रींनी डावीकडची पाचर काढली, पुसली, आणि हातात धरून बघतच राहिले. तिचा एक कोपरा उडालेला होता. तो त्यांनीच वीस वर्षांपूर्वी हातोड्याने उडवला होता, आणि तो ड्रायव्हरच्या बाजूच्या पाचरीचा, म्हणजे उजवीचा. मग ही डावीकडे कशी आली, आणि तीही जाड कड पुढे करून?

त्यांनी उजवीकडची पाचर पाहिली. तिचीही जाड कड पुढे होती.

आणि मग आठवलं. पाटे बदलले त्या दिवशी वारा सुटला होता. अंगणातली चादर भागांसकट त्यांनी ओढत शेडमध्ये आणली होती. ओढताना ती अर्धी फिरली असणार. डावं उजवीकडे गेलं, पुढचं मागे गेलं, आणि चादरीवर विश्वास ठेवून त्यांनी सगळं चादर सांगेल तसं बसवलं. मोठे भाग चुकीच्या जागी बसलेच नसते, म्हणून ते नीट लागले. पाचर कशीही बसते. एक ठिपका मारलेला असता तर हे झालं नसतं.

मिस्त्री तिथेच फरशीवर बसले. पहिला विचार आला तो काही थोर नव्हता. पाचरी गुपचूप सरळ बसवाव्यात, किंगपिन नव्या आहेतच, सगळं खापर जुन्या किंगपिनवर फोडावं. कोण विचारतंय? पण गाडी सुधारून काय उपयोग होता? बाईने तर स्वतःलाच बाद करून ठेवलं होतं. हात थरथरतात हे तिला गाडीने सांगितलं नव्हतं, नवऱ्याने सांगितलं होतं. हे म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!

तरीही त्यांनी दोन दिवस घेतले. पाचरी सरळ बसवल्या, नव्या किंगपिन घातल्या, ताणकाटा लावून प्रत्येक चाक वळायला किती जोर लागतो ते मोजलं. गाडी चाकांवर उतरवली आणि तिचं वजन पाट्यांवर आल्यावरच बुशचे बोल्ट शेवटचे आवळले. जितकं काम लांबवता आलं तितकं लांबवलं. मग ती पाचरीची हकिगत घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. नर्सबाई शेंगा सोलत होत्या.

"पाचरी उलट्या बसल्या होत्या," मिस्त्री म्हणाले.

"कुणी बसवल्या?"

"मी. तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं. माझं चुकलं."

नर्सबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली. मग उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "चला."

गावाबाहेर रस्ता उताराला लागतो तिथे त्या थोड्या कचरल्या. मग बाईंनी वेग वाढवला. चाळीस झाला, पन्नास झाला. तोच तो खड्डा आला आणि चाक दणकन त्यात जाऊन बाहेर आलं. स्टिअरिंगला एक हिसका बसला आणि ते जागच्या जागी शांत झालं. बाईंनी गाडी पुढे नेली, वळवली, पुन्हा त्या खड्ड्यात घातली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही घातली. मग कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"आठ महिने," त्या समोर बघत म्हणाल्या, "मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेय. सांडेल म्हणून. तुम्ही पाहिलंत?"

मिस्त्रींनी पाहिलं होतं. रोज सकाळी समोर बसून पाहिलं होतं.

"पाहिलं. मला वाटलं, तुला थंडी वाजते."

नर्सबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं होतं. दोन्हींपैकी आधी काय बाहेर पडणार ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खाली उतरा. मी वर वस्तीवर चाललेय. आठ महिने लोक वाट बघतायत. तुम्ही घरी चालत जा."

"अगं, तीन किलोमीटर आहे!"

"हो ना. तेवढी शिक्षा कमीच आहे. जेवण झाकून ठेवलंय."

मिस्त्री उतरले. गाडी डोंगराच्या बाजूला निघाली. पुढची चाकं रेघ मारल्यासारखी सरळ धावत होती. वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ते रस्त्यात उभे राहिले आणि मग घराकडे चालू लागले. गुडघे दुखत होते, ऊन लागत होतं, आणि इतका हलका आपण कित्येक दिवसांत चाललो नाही असं त्यांना वाटत होतं.

वाटेत दूधवाल्याने सायकल थांबवली. "काय मिस्त्री, पायी? गाडी बंद पडली वाटतं?"

"गाडी उत्तम आहे," मिस्त्री म्हणाले. "बाई घेऊन गेल्यात. माझं चुकलं होतं."

दूधवाला बघतच राहिला. पुढे पुलापाशी एक जुना ड्रायव्हर भेटला, मग नाक्यावर लेथवाला. दोघांनी तेच विचारलं आणि मिस्त्रींनी दोघांना तेच उत्तर दिलं. लेथवाल्याला तर त्यांनी हात धरून थांबवलं आणि पाचरीपासून सगळं सांगितलं, कारण बायकोच्या हातांची गोष्ट त्यानेच सगळ्यात जास्त ठिकाणी पोचवली होती.