पारूमावशींची सीडी

रविवारी विहारातली वंदना आटोपली की पारूमावशी पांढऱ्या साडीतच थेट आमच्या घरी यायच्या. पदराखालून सीडी काढायच्या आणि म्हणायच्या, “बाई, लावा की. पोराला भेटून जाते.”

मळवलीत भाताची दोन खाचरं आणि एका बंगल्याची राखण, एवढ्यावर त्यांनी मिलिंदला एकटीनं वाढवलं. तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकला, पुढे सैन्याच्या बँडमध्ये गेला आणि तिथून परदेशातल्या एका मोठ्या वाद्यवृंदात. कित्येक वर्षं त्याचं येणं झालं नव्हतं. त्या वाद्यवृंदानं विसाव्या शतकातल्या रचनांचं ध्वनिमुद्रण केलं, त्याची सीडी मात्र त्यानं आईला पाठवली होती.

संगीत कानाला गोड नव्हतं. व्हायोलिनं एकमेकांवर धावून जात, मध्येच ढोल अंगावर येत. आमचे हे चपला घालून अंगणात निघून जायचे. मावशी जमिनीवर मांडी घालून बसायच्या. सारा कल्लोळ थांबून एकटं क्लॅरिनेट उठलं, की हात वर करायच्या.

“गप. आला माजा मिलिंद.”

ते मिनिटभराचं वाजवणं संपलं की डोळे पुसून उठायच्या. पुढचं कधी ऐकलं नाही. “त्ये काय, दुसऱ्यांचं हाय.”

गेल्या वर्षी मिलिंद आला. मावशींनी त्याला हाताला धरून आमच्याकडे आणलं, मला सीडी लावायला सांगितली. तो भाग आला तसा मोठ्या हौसेनं हात वर केला. मिलिंदनं मान खाली घातली.

“आई, त्यो मी न्हाई. त्यो आमचा पहिला वादक. मी दुसरा. तवा मी नुसता बसलेला असतो.”

मावशींचा हात हळूहळू खाली आला.

“मंग तू कुटं हाईस ह्यात?”

“सगळ्यांच्यात मिसळून. येगळा न्हाई आयकू यायचा.”

तो परत गेला. त्यानंतरच्या रविवारी मावशी येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आल्या. ते एकट्याचं वाजवणं येऊन गेलं, तरी उठल्या नाहीत. मी बंद करायला गेले, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या बाई. समदं आयकायचं आता. कुटं बी आसंल त्यो.”

यंदा भातकापणीच्या आधी मावशी गेल्या. मिलिंद पोचला तो दुसऱ्या दिवशी. पण शेवटचे ते सगळे रविवार त्या पूर्ण वेळ बसल्या. ढोलाला दचकत, आणि गर्दीतून आपलं माणूस येतंय का बघावं, तशा एकेका आवाजाकडे कान लावून.