आष्ट्याला नेलेला बिनवायरचा हेडफोन

माझ्या सासऱ्यांना ऐकू कमी येत होतं आणि मला अक्कल कमी होती. यातल्या पहिल्यावर इलाज आहे, असं मला वाटायचं.

आबा सैन्यात तोफखान्यात होते. तिथून पेन्शन आणि अधू कान घेऊन ते आष्ट्याला परतले आणि ऊस लावू लागले. टीव्ही ते इतक्या मोठ्यानं लावत, की समोरच्या नानांनी आपल्या टीव्हीचा आवाज बंदच करून टाकला होता. (चित्र नानांचं, आवाज आबांचा!)

म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी साताऱ्याहून बिनवायरचा हेडफोन नेला. मित्राच्या भावानं तो दुबईहून आणला होता. टीव्हीला एक डबी जोडायची आणि हेडफोन कानावर चढवायचा, बस्स. कॉलेजात मी एकदा रेडिओ दुरुस्त केला होता. तेवढ्यावर सासुरवाडीत मला इंजिनिअर समजत.

त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. शेवटची षटकं चाललेली आणि सोप्यात अर्धी गल्ली जमलेली. हीच वेळ, असं वाटून मी हेडफोनमध्ये सेल घातले, डबीची पिन टीव्हीत खुपसली आणि टीव्ही मुका झाला. आवाज आता डबीत गेला होता, ते बरोबरच होतं. पण डबीतून तो हेडफोनमध्ये येईना.

मी हेडफोनवरचं चाक पुढं फिरवलं, मागं फिरवलं. बटण दाबलं, सोडलं. डबी टीव्हीच्या डोक्यावर ठेवली, मग खुर्चीवर. नाना लहरींच्या वाटेत बसलेत म्हणून त्यांना उठवून दाराशी बसवलं. बायको हळूच म्हणाली, की निदान आजच्यापुरती पिन काढा. तांत्रिक बाबतीत मध्ये बोलू नये, असं मी तिला सांगितलं. तिकडं गल्ली आता टीव्ही सोडून माझ्याकडं बघायला लागली होती, आणि ती नजर काही बरी नव्हती.

तेवढ्यात आबांनी माझ्या हातातून हेडफोन घेतला, कानावर चढवला आणि चाक बोटानं जरासं फिरवलं.

"आलं की ओ पाव्हणं," ते म्हणाले. "लय झ्याक येतंय."

नानांनी पुढं येऊन त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, की काय म्हन्तोय त्यो?

"म्हन्तोय, बॉल वळाय लागलाय. आता पुढं यून मारला तर आउट हुतोय बघा."

फलंदाज पुढं आला आणि आउट झाला!

मग शेवटपर्यंत आबांनी एकट्यानं कॉमेंट्री पुरवली. कप्तान कुणावर चिडलाय, कुणाचं बोट सुजलंय, पंचांच्या मनात काय आहे, सगळं. आपण जिंकलो. आबांना असा जावई मिळाला हे त्यांचं नशीब, असं नाना चारचौघांत म्हणाले. थोडी ॲडजस्टमेंट लागते, एवढंच मी विनयानं बोललो.

सगळे गेल्यावर मी हेडफोन उघडला. सेल उलटे घातलेले होते.

मी आबांच्या कानाशी गेलो. "आबा, तुम्हाला यात काय ऐकू येत होतं?"

"काय बी न्हाई," आबा म्हणाले. "पर भरल्या घरात जावयाची इज्जत चाललेली बघवंना."

इतका दिलदार माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मी तिथल्या तिथं सेल सुलटे केले, आणि हेडफोन खणखणीत चालू झाला. आबांनी तो पुढं कितीतरी वर्षं वापरला. टीव्हीसाठी क्वचितच, पण मी काही समजावून सांगायला लागलो, की ते शांतपणे हात लांबवून तो कानावर चढवत आणि चाक शेवटपर्यंत फिरवत.